बाबांच्या मसलची सोनोग्राफी: दोनदा केली, एकदाच कामाला आली

सोनोग्राफी म्हटलं की डोळ्यासमोर पोट येतं, नाहीतर बाळ. मसलची पण सोनोग्राफी करतात हे मला दीड वर्षापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं आणि आता घरात त्यावर मीच लेक्चर देते. ज्यांना डॉक्टरांनी ही टेस्ट सांगितलीय आणि करावी की सरळ एमआरआयच करून टाकावा असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. रेटिंग आधीच देऊन टाकते. टेस्टला पाचपैकी चार. पहिल्या ठिकाणी आम्हाला जी सर्व्हिस मिळाली तिला एक, तो पण काउंटरवरची मुलगी नीट बोलली म्हणून.

थोडं मागचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही. बाबा ६४ वर्षांचे. सुरुवात किल्लीपासून झाली, कुलपात किल्ली फिरेना. मग शर्टाची बटणं लागेनात, मग नेलकटर दाबता येईना. आम्ही म्हटलं वय झालं. मग जिना उतरताना गुडघा अचानक दगा द्यायला लागला, दोनदा पडले. कोणी संधिवात म्हणालं, कोणी मानेची नस दबलीय म्हणालं. सीपीके म्हणून रक्ताची एक टेस्ट असते, मसलची झीज होत असली की ती वाढते, बाबांची थोडीशीच वाढलेली होती. तेवढ्यावरून मसलला सूज आहे असं ठरलं आणि स्टिरॉइड चालू. सात महिने. चेहरा सुजला, शुगर वाढली, ताकद काही आली नाही, उलट मांड्या अजून बारीक झाल्या. मध्येच एका डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे मसल हलवणाऱ्या नसाच मरत जातात आणि ज्यातून कोणी बरं होत नाही तो, असू शकतो असं म्हटलं आणि त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही.

तर पहिली सोनोग्राफी. चिठ्ठीवर फक्त "उजव्या हाताची सोनोग्राफी" एवढंच लिहिलेलं. आम्ही जवळच्या एका इमेजिंग सेंटरला गेलो. ज्यांनी केली त्यांनी जेल लावलं, मनगटाजवळ प्रोब फिरवला, चारपाच मिनिटांत "झालं काका, उठा". रिपोर्टमध्ये काय, तर कुठे फाटलेलं नाही, पाणी साठलेलं नाही, टेंडन (मसल हाडाला बांधणारी दोरी) व्यवस्थित, नॉर्मल. आम्ही खूश! नॉर्मल आहे म्हटल्यावर आणखी तीन महिने आम्ही तसेच काढले, त्याच गोळ्या खात. राग त्या माणसाचा नाही येत आता, त्यांना जे शोधायला सांगितलं ते त्यांनी शोधलं, खांदा किंवा टाच दुखणाऱ्या लोकांची सोनोग्राफी ते रोज करत असणार. पण मसल फाटलाय का हे बघणं आणि मसल आजारी आहे का हे बघणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, मशीन तेच असलं तरी. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. म्हणून सांगतेय.

दुसरी वेळ न्यूरोमस्क्युलर क्लिनिकमध्ये, म्हणजे नसा आणि मसलच्या आजारांच्या. तिथे डॉक्टर मॅडम स्वतःच प्रोब घेऊन बसल्या, टेक्निशियन नाही. आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न. कुठलं बोट वाकत नाही, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो का, गिळताना अडकतं का. मग बाबांना झोपवलं, हातपाय एकदम सैल सोडायला सांगितले, कारण मसल ताठ केला की तो जाड आणि जास्त काळा दिसतो आणि सगळं मोजमाप चुकतं. जेल भरपूर लावलं, इतकं की बाबा म्हणाले मला तळणार का काय. त्याचं पण कारण आहे, प्रोब दाबायचा नसतो, दाबला की मसल चपटा होतो, म्हणून जेलच्या थरावर तो नुसता तरंगत ठेवायचा. आणि एकदम सरळ काटकोनात. त्यांनी मला मुद्दाम प्रोब जरासा कलता करून दाखवला, तोच मसल, तीच जागा, पण चित्राचा रंगच बदलला. म्हणजे हात तिरका पडला तर चांगला मसल आजारी आणि आजारी मसल चांगला दिसू शकतो. मला तेव्हा लक्षात आलं की ही टेस्ट म्हणजे पन्नास टक्के तरी करणाऱ्याचा हात आहे.

नंतर त्यांनी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात आवडली. म्हणाल्या, "तुमचा हात द्या जरा." माझ्या हाताला जेल लावून आधी माझा मसल दाखवला, म्हणजे नॉर्मल कसा दिसतो ते कळावं. नॉर्मल मसल बऱ्यापैकी काळा असतो आणि त्यात पांढऱ्या बारीक रेघा असतात, पाटीवर खडूने हलक्या हाताने फराटे ओढल्यासारख्या. प्रोब आडवा धरला तर त्याच रेघांचे ठिपके होतात, उभा धरला तर पिसासारखी नक्षी दिसते. त्या रेघा म्हणजे मसलच्या धाग्यांच्या जुड्यांवरची आवरणं. खाली हाड ठळक पांढरं, कमानीसारखं, आणि हाडाच्या मागे मिट्ट काळोख कारण सोनोग्राफी ज्या आवाजाने (कानाला ऐकू न येणाऱ्या) चित्र काढते तो हाडाच्या पलीकडे जातच नाही. मग बाबांची मांडी. तिथे कोणी ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखं, सगळं धूसर पांढरं, रेघा कुठे संपतात कळत नाही आणि हाडाची कमान पण पुसट. मला काही शिकवलेलं नसताना दिसलं हो ते. बाबांना पण दिसलं. ते काही बोलले नाहीत.

मी विचारलं की पांढरं म्हणजे नक्की काय. तर मसलचे धागे मरतात तिथे चरबी आणि तंतू भरतात. आवाजाची लाट एका प्रकारच्या पदार्थातून दुसऱ्या प्रकारच्या पदार्थात शिरते तेव्हा सीमेवरून थोडी परत येते, जितकं परत येईल तितका पांढरा ठिपका. चांगल्या मसलमध्ये अशा सीमा कमी. माझी शंका अशी होती की चामडीखालची चरबी तर स्क्रीनवर काळीच दिसत होती, मग आतली चरबी पांढरी का? मॅडम हसल्या, म्हणाल्या बरोबर विचारलंत. वरची चरबी एकसलग असते, लाटेला अडवायला तिथे फारसं काही नाही. मसलच्या आत मात्र चरबी कणाकणाने मिसळलेली, थोडा मसल, थोडी चरबी, थोडे तंतू, म्हणजे लाखो छोट्या सीमा, आणि प्रत्येक सीमा थोडा आवाज परत पाठवते. म्हणूनच खालचं हाड पण पुसट होतं, खालपर्यंत आवाज पोचायच्या आत वाटेतच संपतो. मला हे इतकं पटलं की घरी येऊन आईला चहाच्या भांड्यावर समजावून सांगितलं, तिला काही पटलं नाही.

आता मेन गोष्ट. मॅडमनी कोपर ते मनगट या भागात, करंगळीच्या बाजूला, प्रोब आडवा ठेवला आणि स्क्रीन थांबवली. तिथे दोन मसल एकावर एक असतात. वरचा मनगट वाकवणारा, त्याच्याखाली हाडाला लागून बोटांची टोकं दुमडणारा. बाबांच्या हातात वरचा काळा, रेघांसकट, जवळजवळ माझ्यासारखाच, आणि त्याला चिकटून असलेला खालचा पांढराफटक. एकाच चित्रात, मध्ये फक्त एक पातळ पडदा. किल्ली का फिरत नव्हती, नेलकटर का दाबला जात नव्हता, दोन वर्षांचं कोडं त्या एका चौकोनात. मग पोटरीला पण तसंच निघालं, वरचा मसल पांढरा, आतला बराच काळा. मांडीचे गुडघा सरळ करणारे मसल खराब. ही अशी निवड करून खाणारी पद्धत इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस नावाच्या आजाराची आहे असं त्यांनी सांगितलं, साधारण पन्नाशीनंतर होतो, बोटं आणि मांड्या आधी धरतो, दोन्ही बाजू सारख्या नसतात, सीपीके फार वाढत नाही, आणि स्टिरॉइडचा त्यात सहसा उपयोग होत नाही. शेवटचं वाक्य ऐकून मी सात महिन्यांच्या गोळ्या मोजत बसले.

मोटर न्यूरॉनची शंका कोणीतरी घातली होती हे मी घाबरत घाबरत सांगितलं. मग त्यांनी प्रोब एकेका मसलवर नुसता धरून ठेवला, दंड, मांडी, पोटरी, हालचाल नाही, बाबांना बोलायचं नाही, आम्ही सगळे स्क्रीनकडे बघतोय. त्या आजारात मसलमध्ये बारीक उडी येते, चिमूटभर भाग झटकन थरथरतो, वरून डोळ्यांना दिसणार नाही इतक्या खोलवरची पण सोनोग्राफीत पकडता येते, आणि मसलमध्ये सुई घालून करतात ती ईएमजी टेस्ट फार थोडा भाग तपासते तर हे एका वेळी मसलचा अख्खा काप दाखवतं. फोटोत ते येत नाही, लाइव्हच बघावं लागतं. प्रत्येक जागी अर्धा मिनिट तरी. त्या अर्ध्या मिनिटाइतकं लांब मी काही बघितलेलं नाही. काही हललं नाही. पोटरीत एकदा टुणकन काहीतरी झालं आणि माझा जीव वर आला, तर म्हणाल्या पोटरीत एखाददुसरी उडी धडधाकट माणसाला पण असते, अनेक मसलमध्ये सारखी दिसली तर बोलू. शेवटी उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून श्वासाचा पडदा पण बघितला, श्वास आत घेताना तो जाड व्हायला हवा, होत होता.

आता कोणी म्हणेल मग झालं की निदान, बायोप्सी कशाला. नाही. पांढरा दिसला म्हणजे मसल बिघडलाय एवढंच नक्की, कशामुळे ते रंग सांगत नाही. चरबीने पण पांढरा, तंतूंनी पण, सुजेने पण थोडाफार, आणि नुसत्या वयाने सुद्धा मसल पांढुरका होत जातो. नक्षीवरून अंदाज येतो. मसलचाच आजार असेल तर बऱ्याचदा सगळीकडे एकसारखं धुकं, नसेच्या बाजूने बिघाड असेल तर कसर लागलेल्या लोकरीसारखं मध्येमध्ये काळं मध्येमध्ये पांढरं. हा ढोबळ नियम आहे, अपवाद असतात. काही आजार तर इतके खास की चित्रच ओळख देतं, जसं बेथलेम मायोपथी म्हणून आहे, त्यात मांडीच्या समोरच्या मसलच्या बरोबर मधोमध ढगासारखा पांढरा डाग दिसतो. आमच्यासाठी सोनोग्राफीचा दुसरा उपयोग इथेच झाला, बायोप्सी कुठून घ्यायची ते ठरवायला. पार पांढरा झालेल्या मसलचा तुकडा काढला तर रिपोर्टमध्ये चरबी आणि तंतू याच्यापलीकडे काही येत नाही, जळून गेलेल्या घरात पुरावा शोधल्यासारखं. आणि एकदम चांगल्या मसलमधून घेतला तर आजारच सापडणार नाही. म्हणून डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूचा, अर्धामुर्धा बिघडलेला, तिथे पेनाने खूण केली. बायोप्सीत सूज आणि या आजारात पेशींच्या आत दिसतात त्या पोकळ्या सापडल्या, निदान पक्कं झालं.

रिपोर्ट हातात आला त्यात लिहिलं होतं मांडी हेकमॅट ग्रेड ३. बाबा म्हणाले, "तिसरा आलो म्हणजे पास की नापास? आणि हा हेकमॅट कोण?" हेकमॅट हे लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधले डॉक्टर. १९८० मध्ये त्यांनी आणि व्हिक्टर ड्युबोविट्झ वगैरे सहकाऱ्यांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफी (जीनमधल्या बिघाडामुळे मसल झिजत जाण्याचा आजार) झालेल्या मुलांचे मसल सोनोग्राफीत वेगळे दिसतात हे पहिल्यांदा मांडलं, आणि दोन वर्षांनी चार पायऱ्यांची मोजपट्टी केली. १ म्हणजे नॉर्मल, २ म्हणजे मसल पांढुरका पण हाड स्पष्ट, ३ म्हणजे बराच पांढरा आणि हाड पुसट, ४ म्हणजे हाड दिसतच नाही. विचार करा, तेव्हा डिस्ट्रॉफीची जीन टेस्ट नव्हती, ड्युशेन या तिच्यातल्याच एका प्रकारात ज्या प्रोटीनची कमतरता असते ते डिस्ट्रोफिनच १९८७ मध्ये ओळखलं गेलं. लहान मुलाच्या मसलमध्ये सुई न खुपसता आत काय चाललंय ते दिसणं म्हणजे केवढं असेल. आमच्या शेजारी वेटिंगमध्ये एक पाचेक वर्षांचा मुलगा होता, त्याची सोनोग्राफी आईच्या मांडीवर बसून मोबाइल बघता बघता झाली. एमआरआय असता तर इतक्या लहान मुलाला बहुतेक झोपेचं औषध द्यावं लागलं असतं. पण तिथेही एक गोम आहे जी मॅडमनी त्या आईला सांगितलेली मी ऐकली, अगदी लहान वयात आजार असूनही चित्र साफ दिसू शकतं, आणि मसलच्या ऊर्जेचे जे आजार असतात, मायटोकॉन्ड्रियाचे वगैरे, त्यात पण ही टेस्ट बऱ्याचदा हुलकावणी देते. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून फाइल बंद करायची नाही. आम्ही केली होती.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. ग्रेड हा प्रकार डोळ्यांच्या अंदाजाचा आहे, एक जण २ म्हणेल दुसरा ३ म्हणेल. त्यावर उपाय म्हणून कॉम्प्युटरने पांढरेपणा मोजतात, ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, मग तुमचं वय, वजन, स्त्री की पुरुष हे धरून नॉर्मलपेक्षा किती लांब आहात ते काढतात. ऐकायला भारी. पण तो आकडा त्या मशीनपुरता, त्या सेटिंगपुरता. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला की चित्र उजळतं तसंच इथे गेन नावाचं बटण असतं, ते हललं की आकडा हलला. म्हणून दुसऱ्या सेंटरच्या मशीनवरचा आकडा घेऊन तुलना करायला जाऊ नका. आमच्या रिपोर्टमध्ये कुठलं मशीन, कुठलं सेटिंग, हे काहीच नव्हतं, मागून लिहून घ्यावं लागलं. चित्रं पण मागितल्यावरच दिली. आणि वेळ! दोन्ही हात दोन्ही पाय करायला पाऊण तास लागला, त्याच्या आधी दोन तास बसून होतो.

एमआरआयशी तुलना करायची तर खोलवरचे मसल, कंबरेच्या आतले, माकडहाडाच्या आसपासचे, तिथे सोनोग्राफी तोकडी पडते. वरचा मसल खूप पांढरा असला तर त्याच्या सावलीत खालचा दिसत नाही. अंगावर चरबी जास्त असेल तरी अवघड, कारण बारीक दिसायला जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब लागतो आणि फ्रीक्वेन्सी वाढली की आवाज खोल जात नाही. एमआरआयमध्ये सूज आणि चरबी वेगवेगळी ओळखता येते हा त्याचा मोठा फायदा. पण एमआरआय उडी दाखवत नाही, आणि बाबांना त्या बोगद्यात घालायचं म्हणजे आधी घरात आठवडाभर चर्चा. सोनोग्राफीत रेडिएशन नाही, उपाशी राहायचं नाही, सुई नाही, हवी तितक्या वेळा करा.

बुक करायच्या आधी फोनवर एवढं विचारा की मसलच्या आजारासाठी करता का, का फक्त टेंडन आणि मार लागलेल्याचं करता. कोण करणार तेही विचारा. आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून शंका लिहून घ्या, कुठला आजार वाटतोय, कुठले मसल बघायचे, किती वर्षांचा त्रास. आमची पहिली चिठ्ठी तीन शब्दांची होती, रिपोर्ट पण तसाच आला. बाकी तयारी काही नाही, हाफ पँट आणि सैल बाह्यांचा शर्ट, त्या दिवशी आधी जोराचा व्यायाम करू नका, आणि जेल पुसायला स्वतःचा टॉवेल, तिथला टिश्यू पेपर पायाला चिकटून बसतो. एक राहिलंच, पहिल्या सेंटरची जुनी चित्रं मी दुसऱ्या भेटीत नेली होती. मॅडमनी त्यातलं एक बोटाने दाखवलं, कोपऱ्यात, टेंडनच्या बाजूला, तोच पांढरा मसल अर्धा कापलेला दिसत होता. तीन महिने आमच्या कपाटात पडून होता तो.

स्टिरॉइड आता हळूहळू कमी करून बंद झालंय. हा आजार थांबवणारं औषध अजून नाही, रोजचा हलका व्यायाम, पडू नये म्हणून जिन्याला दोन्हीकडून कठडा, आणि गिळण्यावर लक्ष, असं चाललंय. वर्षाने परत सोनोग्राफी सांगितलीय, तुलना करायला. बाबा हाफ पँट शोधून तयार आहेत, मला मात्र काम लावलंय की आधी फोन करून विचार, मशीन तेच आहे का बदललं.